वरचे पाच दिवस

शारजाच्या औद्योगिक वसाहतीत, दहा नंबरला,
सव्वीस वर्षं मी याच खुर्चीत बसून
दुसऱ्यांची निघताना मिळायची रक्कम काढली.
पहिली पाच वर्षं, वर्षाला एकवीस दिवस.
पुढची सगळी, वर्षाला तीस.
वर्ष आटून एवढंसं होतं,
मंद आचेवर विसरलेल्या दुधासारखं,
खरवडून काढायचं.

दाभोळचा हसनमियाँ परकार, क्रेन चालवायचा.
कागद उलटा करून पाहिला त्याने.
"बाई, मागच्या पानावर असेल ना अजून काही?"
मागचं पान कोरं होतं.
मी त्याला खजूर दिला
आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

आज त्याच सूत्रात माझं नाव घातलं,
वैजयंती खातू.
पाच वर्षांचे एकशे पाच,
एकवीस वर्षांचे सहाशे तीस.
सातशे पस्तीस दिवस.
कायदा म्हणतो, दोन वर्षांच्या वर काही नाही.
वरचे पाच दिवस खोडले,
माझ्याच हाताने, निळ्या पेनने, सवयीने.

तेही नुसत्या मूळ पगारावर.
घरभाडं धरत नाहीत, प्रवास धरत नाहीत,
आणि 'इतर' तर कधीच नाही.

बाकी तयारी चोख आहे.
बदलापूरच्या फ्लॅटचं भाडं येतं,
ठेवींच्या तारखा फ्रिजवर लावल्यात,
गुडघ्यांसाठी वेगळी रक्कम, तिला हात लावायचा नाही.
रुपया घसरला की रोल्यातल्या एक्स्चेंजपुढे रांग लागते.
मीही उभी राहिलेय तिथे, पर्स छातीशी धरून,
आपला देश थोडा स्वस्त झाल्याचा आनंद
चेहऱ्यावर दिसू न देता.
म्हातारपणी कुणाच्या दारात
"चहा टाकताय का?" असं चाचरत विचारायचं नाही.
माझं स्वातंत्र्य एवढंच, एका कपाचं.

राहिला बँकेचा वारसाचा फॉर्म.
नाव, नातं, टक्के.
ऋचा. मुलगी.
टक्क्यांपाशी पेन थांबलं.

ऋचाला पहिलीपासून दहावीपर्यंत
डबा दिला माझ्या जावेने, देवरुखला.
कांजिण्या आल्या तेव्हा
कडुनिंबाचा पाला अंथरून रात्रभर बसली तीच.
मी पाठवले पैसे, दरमहा पाच तारखेला,
कधी चुकले नाही,
आणि दर वर्षी एक बॅग:
दुधाची पावडर, साबण, काही केल्या न मावणारं ब्लँकेट.
फोनवर ऋचा म्हणायची, "थांब हं, आईला विचारते,"
आणि रिसीव्हर खाली ठेवून आत पळायची.
मी इकडे नाणी टाकत राहायचे.

फॉर्मवर नात्याचे चौकोन आहेत:
पती, अपत्य, आई-वडील.
जावेला चौकोन नाही.
ती 'इतर'मध्ये येते.

मी लिहिलं:
मालिनी गजानन खातू. इतर. पन्नास टक्के.
मग ऋचाला फोन केला, टोरंटोत तेव्हा पहाट होती.
वाटलं, घोळ घालेल, नवऱ्याला विचारते म्हणेल.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"पन्नासच?"

रागावून की कसं, मी विचारलं नाही.
हिशोब करणाऱ्या माणसाला
काही आकडे तसेच ठेवावे लागतात.

त्या खोडलेल्या पाच दिवसांचं मात्र मी ठरवलंय.
ते दोन हजार तीनच्या गौरी-गणपतीचे.
रजा नामंजूर झाली होती,
आणि ऋचा नवा फ्रॉक घालून
एसटीच्या वेळेला रोज फाटकाशी जाऊन यायची,
असं मालूने नंतर, खूप नंतर सांगितलं.
पाचव्या दिवशी विसर्जनाला गेलीच नाही म्हणे.

त्यांची रक्कम शून्य. कंपनीने ते ठेवून घ्यावेत
असं मला वाटत नाही,
पण ते कुणाच्या नावावर करायचे?
मी कागद उलटा केला.
मागे कोरंच असतं, मला ठाऊक आहे,
तरी केला.